आधीची कोण?

"ह्या दोघींमध्ये आधीची कोण आहे?" पाद्रीसाहेबांनी विचारलं.

शिरूरच्या मांगवाड्यात लिंबाखाली त्यांच्यासाठी बाज टाकली होती. शेजारी बंकट मास्तर उभा होता. तो ह्याच वाड्यातला, पण मिशनच्या शाळेत चार बुकं शिकून उपदेशक झालेला. समोर हात जोडून धुळाजी आणि त्याच्या मागे त्याच्या दोन बायका. धाकट्या सुभद्रेच्या कडेवर दीड वर्षाची लेक, तोंडात मूठ घालून साहेबांच्या टोपीकडे बघत होती.

धुळाजीने आधी थोरल्या चतुराबाईकडे पाहिलं, मग सुभद्रेकडे.

"मी," चतुराबाई म्हणाली. "मी आधीची."

इतक्या झटकन म्हणाली की बंकट मास्तरानेही मान वळवून पाहिलं.

"मग हीच तुझी पत्नी," साहेब म्हणाले. त्यांचं मराठी पुस्तकातलं, एकेक शब्द धुऊन पुसून ठेवलेला. "दुसरीला तिच्या माहेरी पोचवावे लागेल. दोन बायका असलेल्या पुरुषाला आमच्या मंडळीत बाप्तिस्मा देता येत नाही. देवाच्या राज्याला दार आहे, धुळाजी. आत येताना काही बाहेर ठेवावे लागते."

साहेब वाईट माणूस नव्हता, हे आताच सांगून टाकतो. थोरल्या प्लेगात ह्या वाड्यात पाऊल टाकणारा तो एकटाच होता, आणि आजचा नियमही त्याचा नव्हता. कुठल्याशा बैठकीत ठरलेला होता. सुभद्रा मुलीला घेऊन माहेरी, वडगावच्या वाटेला लागली तेव्हा साहेब बुटाच्या टोकाने माती उकरत बसला होता. पण नियम त्याने पाळला.

चतुराबाई इतक्या झटकन का बोलली, ते कळायला तिचं मागचं आयुष्य बघावं लागेल. ते फार मोठं नाही. नवव्या वर्षी तिचा नवरा वारला. त्याचं तोंडही तिला आठवत नव्हतं, कपाळ मात्र पुसलं गेलं. पुढे धुळाजीने तिला पाटाने केली. तो बिनलग्नाचा, आणि बिनलग्नाच्याला विधवेशी एकदम पाट लावता येत नाही. म्हणून आधी त्याचं लग्न रुईच्या झाडाशी लावलं. हळद, अक्षता, सगळं रुईला. मग रुई मेली असं धरायचं, म्हणजे नवरा बिजवर झाला आणि जोडी जमली. पाट अंधारात, चार माणसांत उरकला. अक्षता नाहीत. पाटाच्या बाईने नव्या नवरीला हळद लावायची नाही, कुणाची ओटी भरायची नाही. चतुराबाईला हळदीच्या दारातून कुणी कधी हाकललं नाही. तीच आपली चार पावलं मागे थांबायची.

बारा वर्षं पोटी काही नाही. तेव्हा दोर विकायला लांबच्या युसूफ वडगावच्या बाजारी गेली असताना तिनेच सुभद्रेला हेरलं आणि तिनेच धुळाजीच्या मागे लागून सोयरीक जमवली. ते लग्न झालं वाजतगाजत. पाच दिवस दळण-कांडण चतुराबाईने केलं, आणि अक्षता पडल्या तेव्हा ती गाडीच्या आडून बघत होती.

अशा बाईला, हॅट घातलेल्या साहेबाने, चारचौघांत विचारलं, आधीची कोण? तिचं तोंड आपोआप उघडलं. आपण काय बोललो ते सुभद्रेने बोचकं बांधायला घेतलं तेव्हा तिच्या ध्यानात आलं.

महिनाभरात धुळाजीचा आणि चतुराबाईचा बाप्तिस्मा झाला. धुळाजीने घरातली हलगी देऊन टाकली, देवीचा टाक नदीत सोडला. राज्य म्हणजे काय, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. मोगलाईतलं राज्य म्हणजे तहसीलदाराचा मुक्काम आला की पाठीवर येणारी वेठ. पण ह्या नव्या राज्यावर त्याचा जीव बसला होता, आणि त्याचं कारण तो एकच सांगायचा.

"तितं मानसाला नावानं हाक मारत्यात," तो म्हणायचा. "साहेबानं मला धुळाजी म्हनून हाक मारली. पयल्या दिशी. जातीवरून न्हाई."

हे ऐकून चतुराबाई दोर वळायला घ्यायची.

दोर वळायला दोन माणसं लागतात. एकाने वाख, घायपाताचा धागा, पुरवायचा, दुसऱ्याने पीळ द्यायचा. पूर्वी समोरच्या टोकाला सुभद्रा असायची आणि दोघींच्या मधल्या पंधरा हातांत दिवसभर बोलणं चालायचं. आता तिथे धुळाजी. तो पीळ बरोबर द्यायचा, पण बोलायचा नाही. चतुराबाईची कड दुखायची, मूल घ्यायची सवय झालेली कड, आता मोकळी. तिला सुभद्रेची भयंकर आठवण यायची. सवतीसाठी कुणी झुरतं का, म्हणून तिची तिलाच लाज वाटायची, आणि तरीही यायची.

एकदा रविवारची उपासना आटोपल्यावर तिने बंकट मास्तरला गाठलं.

"मास्तर, सुभद्री देवाच्या राज्यात हाय का न्हाई?"

"तिनं विश्वास ठेवला तर येईल की."

"आन् आली तर आमच्यापाशी बसंल का?"

"राज्य अजून यायचंय, चतुराबाई. प्रभू येईल तवा ते येईल. तितं लग्न न्हाई, पाट न्हाई, कोन कुनाची बायको न्हाई. तवर धीर धरायचा."

"तितं मोजत न्हाईत तर मंग हितं कावून मोजता?"

मास्तरने उत्तर पुढल्या रविवारी देतो म्हटलं आणि पुढल्या रविवारी तो आजारी पडला.

सुगी सरल्यावर दोराचं ओझं डोक्यावर घेऊन चतुराबाई वडगावला निघाली. विकायचं तर शिरूरलाही विकलं असतं. धुळाजीने ते ओळखलं, पण तो म्हणाला एवढंच, की पोरीसाठी गूळ घेऊन जा. पाच मुक्काम करत ती पोचली. सुभद्रा भावाच्या दारात दळत होती. भावजय जात्याजवळ आणखी एक पायली ओतत होती. लेकीच्या बरगड्या मोजता येत होत्या आणि ती चतुराबाईला ओळखेना. आईच्या मागे लपली.

सुभद्रेने मात्र हातातला खुंटा सोडला, उठली आणि थोरलीच्या खांद्यावर डोकं टेकून उभी राहिली.

"बाई, लई दिस लावलेस," ती म्हणाली.

संध्याकाळी ती चतुराबाईला सिदूबाबाकडे घेऊन गेली. वडगावकडे दुसरं मिशन होतं, हैदराबादच्या बाजूचं, आणि सिदूबाबा त्यांचा म्हातारा, लंगडा उपदेशक. त्याने सुभद्रेला मंडळीत घेतलं होतं.

"मला घेतलंय बाबांनी," सुभद्रा म्हणाली. "नवऱ्याचं इचारलंबी न्हाई."

"इचारून काय करू?" सिदूबाबा म्हणाला. "आमच्या साहेबाचं म्हननं असं, की देवाची वळख पटली त्या दिशी जो जसा होता तसा आत घ्यायचा. दोगी असल्या तर दोगी. तिसरी करायची न्हाई म्हंजी झालं."

"आन् आमचा साहेब म्हनतो, एकीनं भायेर," चतुराबाई म्हणाली.

"तो राज्याला वाडा समजतो. वाड्याला दार आलं, दाराला कडी आली. मला ते शेतावानी वाटतं, बाई. पेरनारा पेरून गेला. जवारी कंची आन् गवत कंचं, ते कापनीला तोच बघंल. आपून मदीच खुरपं घिऊन कावून शिरावं?"

"खुरपलं न्हाई तर पीक येत न्हाई, बाबा," चतुराबाई म्हणाली. ती बोलून चालून दुसऱ्यांची शेतं खुरपलेली बाई.

म्हातारा खळखळून हसला. "ते आपल्या शेतात!"

"देव तर येकच ना? का शिरूरला येक आन् वडगावला दुसरा?"

"देव येकच. त्याच्या राज्यातली मानसं मोजनारे दोन झाले."

परत आल्यावर तिने धुळाजीला सांगितलं, आपण तिकडेच जाऊन राहू, तिघांनाही घेतात. धुळाजी बराच वेळ वाख सोलत राहिला.

"मला हाक मारली ह्या साहेबानं," तो शेवटी म्हणाला. "त्याला सोडून गेलो तर मी कसला मानूस?" आणि थोड्या वेळाने, "पोरगी लई वाळली का?"

तेव्हा चतुराबाईचं ठरलं.

साहेब पुढच्या फेरीला आले तेव्हा लिंबाखाली सगळी मंडळी बसलेली असताना ती उभी राहिली.

"साहेब, मागं तुमी इचारलंत आन् म्या खोटं बोलले. मी आधीची न्हाई."

साहेबांनी बंकट मास्तरकडे पाहिलं. मास्तरने जमिनीकडे.

"मपला पाट हाय. आक्षता न्हाईत, हळद न्हाई. लग्नाची बायको सुभद्री. तुमी पंचाला इचारा, वाड्यात कुनालाबी इचारा."

"हे खरे आहे?" साहेबांनी विचारलं. म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. पाट तो पाट, लग्न ते लग्न. ह्यात खोटं काहीच नव्हतं.

"पण मग ह्याची पहिली..."

"पयली रुई, साहेब. ती मेली."

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. साहेब हसले नाहीत. ते तिच्याकडे बघत राहिले आणि त्यांना सगळं कळलं असावं, कारण त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"तुला कळते ना, बाई, ह्याचा अर्थ काय? मग सुभद्राबाई ह्या घरात येईल आणि तुला ह्या घरात राहता येणार नाही. नगरला आमचा विधवाश्रम आहे. तेथे तुझी सोय..."

"मी विधवा न्हाई, साहेब," चतुराबाई म्हणाली. "धनी जित्ता हाय मपला."

धुळाजी खाली मान घालून बसला होता. त्याने एकदा उठायचा प्रयत्न केला. चतुराबाईने त्याच्याकडे असं पाहिलं की तो पुन्हा बसला. त्या दिवसापासून ती बंकट मास्तरच्या आईकडे निजायला जाऊ लागली.

मास्तरने सिदूबाबाला चिठ्ठी लिहिली. सुभद्रेचा भाऊ वडगावच्या एका वाण्याची गाडी हाकायचा; ती गाडी माल घेऊन नेकनूरच्या बाजाराला यायची होती. त्याने सुभद्रेला नेकनूरपर्यंत आणावं, धुळाजीने तिथून घेऊन जावं, असं ठरलं. धुळाजी निघाला तशी चतुराबाईही निघाली. तिचं बोचकं लहानसं होतं.

वाटेत एका ओढ्यापाशी धुळाजी थांबला आणि म्हणाला, "मी मंडळीतनं नाव काढून टाकतो मपलं. सांगतो साहेबाला."

"आन् मंग?" चतुराबाई म्हणाली. "पुन्हा जातीवरून हाका घेनार? चला मुकाट."

नेकनूरला बाजाराच्या कडेला बाभळीखाली गाडी सोडलेली होती. सुभद्रा लांबूनच दोघांना बघून धावत आली. चिठ्ठीत फक्त ये म्हणून लिहिलं होतं. साहेबाचं मन पालटलं असणार, असं तिने धरून टाकलं होतं. तिने आदल्या दिवशीच्या भाकरी सोडल्या, ठेचा काढला, आणि कोणी कुठे बसायचं तेही तीच सांगू लागली. धुळाजी इकडे, थोरली इकडे, मधे लेक. लेक चतुराबाईला बिचकली, मग हळूच तिच्या बांगड्या मोजू लागली, मग तिच्या मांडीवर चढून बसली.

एक अख्खी दुपार ती चौघं एका सावलीत होती. बाजारात कुणाला त्यांची ओळख नव्हती. कोण आधीची, कोण मागची, कुणी विचारलं नाही. चतुराबाई एकेक घास फार वेळ चावत होती. धुळाजीच्या हातातली भाकर तशीच होती.

"जेवत कावून न्हाईत हे?" सुभद्रा म्हणाली.

"चालून शिनलेत," चतुराबाई म्हणाली.

उन्हं कलली तसे भावाने बैल जुंपले. चतुराबाईने झोपलेली लेक उचलून सुभद्रेच्या खांद्यावर दिली आणि आपलं बोचकं गाडीत टाकलं.

"तू कुटं निगालीस?"

"वडगावला. सिदूबाबाकडं काम हाय जरा. तुमी व्हा म्होरं, मी आठ रोजात येते."

"आठच रोज ना? बाई, माज्या गळ्याची आन?"

"आठच," चतुराबाई म्हणाली.

धुळाजीने पुढे होऊन गाडीला टेकू दिला, तिला चढायला. त्याचा हात गाडीच्या साटीवरून लवकर निघेना. "चतुरे," तो म्हणाला. बारा वर्षांत आणि त्यानंतरही त्याने तिला ए, अगं ह्याशिवाय कधी हाक मारली नव्हती.

ती मागच्या बाजूला तोंड करून बसली. गाडी पूर्वेला निघाली आणि ती तिघं पश्चिमेला. सुभद्रा दर थोड्या पावलांनी वळायची आणि जागी झालेल्या लेकीचा हात धरून हलवायची. चतुराबाईही हात हलवायची. धुळाजी वळला नाही. माळावर धूळ उडत होती. ती माणसं बोटाएवढी झाली, मग तेवढीही राहिली नाहीत.

सुभद्रेच्या भावाने मागे वळून पाहिलं. चतुराबाईचा हात अजून वरच होता.

"बाई, हात दुकंल. दिसंनात ते आता."

"मला दिसत्यात," चतुराबाई म्हणाली. "तू हान."