धोंडीरामाचा फड

दुष्काळ सरला, चौऱ्याहत्तर साल उजाडलं आणि होटगीजवळच्या त्या खेड्यात पुन्हा एकदा सप्ताह बसला. काल्याच्या कीर्तनाला माळशिरसचे नामांकित धोंडीरामबुवा आणायचा विडा महिपतीनं उचलला.

"बुवा आले तर त्यांच्या मागं टाळ घिऊन तू पयला," वीणेकरी गुंडा म्हणाला. "न्हाय आले तर आमटीची काहील ढवळायची."

टाळकऱ्यांतल्या त्या जागेसाठी महिपती किती वर्षं जीव टाकत होता. पण बुवांना त्यानं पाहिलेलं नव्हतं. माळशिरसच्या बाजारात त्यानं एका चहावाल्याकडं निरोप ठेवला, "धोंडीरामांना म्हणावं, काल्याच्या दिवशी आमच्या गावात फड हाय. होटगीला उतरा."

वारकऱ्यांचाही फड असतो, पण चहावाल्याला ठाऊक तो कुस्त्यांचा. आणि माळशिरसात दुसरेही एक धोंडीराम होते, तितकेच नामांकित. पैलवान.

तर होटगीच्या एसटीतून दारात आडवं होऊन एक धूड उतरलं. कान पार चेमटलेले. हरिनाम ऐकून ऐकून झाले असतील, महिपतीनं हात जोडले.

"माती चांगली हाय न्हवं?" पाहुण्यानं विचारलं.

"शेवटी समदी मातीच की, बुवा."

"आन् समोर कोण?"

"साक्षात पांडुरंग."

"ह्यो कुटला? वजन किती?"

"तुळशीच्या एका पानाएवढं."

पाहुणा हसला. "कंदी पडलाय का?"

"छ्या. युगानुयुगं हुबाच हाय."

"मग आज पाडतो की," पैलवान म्हणाला. काय हा अधिकार, महिपतीच्या डोळ्यांत पाणी आलं.

देवळात येऊन पाहुण्यानं सदरा काढला आणि खाली लंगोट दिसला, तेव्हा महिपतीनं हातातला टाळ छातीशी घट्ट धरला. गुंडानं आमटीचा डाव त्याच्यापुढं धरला.

समोर टाळकरी आणि विठ्ठलाची मूर्ती बघून पैलवानाला सगळं उमगलं. घामाघूम झाला बिचारा. पण कुस्ती लावून माघारी फिरणं त्याच्या रक्तात नव्हतं. सदरा पुन्हा चढवून तो कीर्तनाच्या जागी उभा राहिला आणि मूर्तीकडं निरखून बघू लागला.

"मंडळी, ह्या गड्याचा पवित्रा बगा. हात कमरंवर. आदी हात घालत न्हाय, माघारबी सरत न्हाय. मी लई जणांना चीत केलं, पर ह्याला धरू कुटं?" त्यानं शड्डू ठोकला. महिपतीच्या हातातला टाळ आपसूक वाजला. दुसरा शड्डू, दुसरा टाळ. बाया हसून हसून एकमेकींवर पडल्या. मग ते अवाढव्य शरीर मूर्तीपुढं धाडकन पालथं झालं. "माजी पाठ कुणी मातीला लावली न्हाय. ह्यानं तर हातबी न लावता पाडला मला."

हसणाऱ्या बायांनी हात जोडले. कुणीतरी विठ्ठल म्हणालं, मग सगळेच म्हणाले.

गुंडानं वीणा दुसऱ्याच्या गळ्यात घातली, डाव उचलला आणि तो काहिलीकडं निघाला. "मागं पयला हुबा ऱ्हा, महिपती. बुवाच हाईत."

आमटीच्या सहाव्या वाटीला बुवा हळूच म्हणाले, "महिपती, फुडल्या वर्साला परत बलवा. ती कुस्ती मी पुन्यांदा हरनार हाय."