पांढरी पट्टी

रजिस्टरात डकवलेली पट्टी पांढरी होती. ताईंनी चष्मा काढला, एप्रनला पुसला, परत लावला. पट्टी पांढरी ती पांढरीच.

काम तसं साधं. इस्पितळाच्या तळघरात ऑपरेशनची हत्यारं वाफेच्या मशीनमध्ये निर्जंतुक करायची. प्रत्येक खेपेत कागदाची एक पट्टी टाकायची. वाफ नीट लागली की ती काळी पडते. ती बघून डकवायची, खाली सही करायची आणि मगच हत्यारं वर पाठवायची. एकोणीस वर्षं ताईंनी हे डोळ्यांत तेल घालून केलं होतं, आणि आज बघितलंच नव्हतं. हत्यारं लिफ्टनं वर गेली होती. साडेबाराला एका बाईचं पोट उघडणार होते. घड्याळात बारा वाजून पाच मिनिटं झाली होती.



बघितलं का नाही? तर प्रश्नपत्रिकेमुळे. हे नाव ताईंनीच ठेवलेलं. चाळिशीची ही बाई आठ महिन्यांपूर्वी मंडळीत एकटीच आली, बाप्तिस्मा घेतला, आणि पाळकांनी तिला ताईंच्या हवाली केलं. नोकरीही ताईंनीच लावून दिली, ती नोकरी अजून कायम नव्हती. मशीन चाळीस मिनिटं चाले. तेवढ्या वेळात दोघी उलट्या ठेवलेल्या क्रेटवर बसून बायबलचा धडा घेत. आणि मग हिचे प्रश्न सुरू. देवाला सगळं आधीच माहीत, तर सांगायचं कशाला? मनातल्या मनात शिवी दिली तर तीही धरतो का तो? ताई हसत, पण उत्तर दिल्याशिवाय सोडत नसत. एकच गोष्ट आठ महिन्यांत जमली नव्हती. मोठ्यानं प्रार्थना कर म्हटलं की बाईसाहेबांची दातखीळ बसायची. चुकले तर, म्हणायची.

आजही उत्तर देता देताच ताईंनी सही ठोकली होती. आणि मेट्रनबाईंनी मागेच बजावलं होतं, कामाच्या वेळी तुमची शाळा इथं भरवू नका म्हणून.

फोन हाताच्या अंतरावर होता. उचलायचा, थांबा म्हणायचं, संपलं. हात काही जाईना. ड्रॉवरमध्ये कालची एक जास्तीची काळी पट्टी पडलेली होती, तिच्याकडे मात्र डोळे सारखे जात होते. प्रभू, धीर दे, असं त्या पुटपुटल्या, आणि आपण धीर मागतोय तो फोनसाठी की पट्टीसाठी हे त्यांचं त्यांनाच कळेना. बारा दहा झाले. बारा चौदा. वर कुणाची तरी आई, कुणाची तरी बायको अंगावर हिरवी चादर घेऊन पडलेली असेल, आणि इथं आपण नुसत्या उभ्या आहोत. या विचारानं त्यांना घाम फुटला. तरी त्या हलल्या नाहीत.

दार ढकलून प्रश्नपत्रिका आत आली. तिच्या तोंडाचं पाणी पळालेलं होतं.

"ताई, वर थांबवलंय. पेशंटला अजून आत घेतलं नव्हतं. दुसरा सेट काढताहेत."

"कुणी सांगितलं त्यांना?"

"मी. तुम्ही रजिस्टर उघडं धरून उभ्या होतात ना, मागून दिसली मला पट्टी. म्हटलं, तुमचे हातपाय गळालेत. मग जिन्यानं धावत गेले."

ताईंचा जीव भांड्यात पडला. बाई वाचली. पण प्रश्नपत्रिकेचं बोलणं संपलं नव्हतं.

"मेट्रनबाईंना म्हटलं, पट्टी मीच डकवली. काळी आहे असं मी सांगितलं, म्हणून ताईंनी सही केली. त्यांनी मला अर्ध्या तासात बोलावलंय. काढूनच टाकतील बहुतेक."

आणि इथं ताईंना जे वाटलं ते लपवण्यात अर्थ नाही. त्यांना आधी बरं वाटलं. सुटले, असं वाटलं. मग त्या बरं वाटण्याचीच त्यांना अशी भीती वाटली की त्या मटकन क्रेटवर बसल्या.

"असं का केलंस?"

"गेल्या गुरुवारचा धडा. दुसऱ्याचं ओझं उचलायचा." ती थांबली, आणि सवयीप्रमाणे विचारलंच. "बरोबर केलं ना, ताई?"

हो म्हणायचं, बस. आठ महिने ताईंचं प्रत्येक उत्तर तिनं खरं मानलं होतं. हेही मानलं असतं. आणि उद्यापासून खोटं बोलायला ती ताईंकडूनच शिकली असती, तेही देवाच्या नावानं.

"धावत गेलीस ते बरोबर," ताई म्हणाल्या. "ते मी करायला हवं होतं. दहा मिनिटं उभी होते मी इथं, केलं नाही. बाकीचं जे सांगितलंस ते खोटं आहे. ते ओझं माझं आहे, दे इकडे."

त्यांनी रजिस्टर काखेत मारलं. त्या जिना चढू लागल्या, प्रश्नपत्रिका मागोमाग. मेट्रनबाईंच्या दाराशी पोचल्यावर त्यांचा हात पुन्हा तसाच अडकला.

"ताई, तुम्हाला भीती वाटतेय?"

विश्वास असला की भीती कसली, हे उत्तर त्यांनी तिला किती वेळा दिलं होतं, त्याला गणती नव्हती.

"खूप," त्या म्हणाल्या. "माझ्याच्यानं प्रार्थना होत नाहीये. तू कर."

प्रश्नपत्रिकेनं इकडेतिकडे पाहिलं. दोन वॉर्डबॉय ट्रॉली ढकलत गेले. मग तिनं डोळे मिटले आणि अगदी सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली, "प्रभू, ताई घाबरल्यात. मीपण घाबरलेय. आम्ही आत चाललोय, तूही चल."

ताईंनी आमेन म्हटलं आणि दार वाजवलं.