पेनल्टीची बाजू

डेटलेफ नोवोट्काचं तारुण्य गोलपोस्टच्या दोन खांबांमध्ये गेलं, आणि तिथे उभं राहून तो एक गोष्ट पक्की शिकला: समोरून चेंडू घेऊन येणारा माणूस खोटं बोलत असतो. बघतो डावीकडे आणि मारतो उजवीकडे. वाटेनहोर्स्टच्या क्लबसाठी तो कमरेचा सांधा झिजेपर्यंत खेळला, मग गोलकीपरांना शिकवू लागला, आणि जुन्या प्रशिक्षकाची उचलबांगडी झाली तेव्हा मुख्य प्रशिक्षक झाला. हातमोजे सुटले, पण माणसांवर विश्वास न ठेवण्याची सवय काही सुटली नाही.

त्या हंगामात या सवयीला खतपाणीच मिळालं. पेनल्टी कुठल्या बाजूला मारायची हे डेटलेफ स्वतः ठरवायचा. समोरच्या गोलकीपरची कुठली बाजू कच्ची आहे, हे त्याला त्याच्या चालण्यावरून कळायचं. शुक्रवारी सराव संपला की तो पुढच्या फळीतल्या थीमोला बाजू सांगायचा. त्या वेळी जवळ फक्त त्याचा सहाय्यक फोल्कमार असायचा. तरीही पानगळ सरेपर्यंत थीमोच्या पेनल्टीमागून पेनल्टी अडवल्या गेल्या. समोरचा गोलकीपर फसतच नव्हता. चेंडूला पाय लागायच्या आधीच तो बरोबर त्या बाजूला झेपावलेला असायचा.

थीमो स्वतःच्याच पेनल्टीची बाजू कशाला फोडेल? राहिला फोल्कमार.

डेटलेफ खेळत होता तेव्हा फोल्कमार त्याच क्लबचा राखीव गोलकीपर होता. वर्षानुवर्षं बाकावर बसून राहिला. डेटलेफ अंगात ताप घेऊन खेळला, मोडलेल्या बोटाने खेळला, पण जागा त्याने फोल्कमारला दिली नाही. फोल्कमारने त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नव्हता, आणि आता डेटलेफला नेमकं तेच खुपू लागलं. एवढं मुकाट गिळणारा माणूस आणखी काय काय पोटात ठेवून असेल?

मग त्याला सगळीकडे खुणा दिसायला लागल्या. तो खोलीत शिरला की फोल्कमार फोन ठेवायचा. एकदा मैदानाबाहेरच्या सॉसेजच्या गाडीपाशी फोल्कमार क्लबच्या अध्यक्षीणबाई फ्राउ झासे यांच्याशी बोलत उभा होता. डेटलेफ जवळ गेला तर दोघं हवेबद्दल बोलू लागले. मुख्य प्रशिक्षकाची खुर्ची कोणाला नको असते?

घरी त्याने बायकोला, आनेग्रेटला, हे सांगितलं. ती बटाटे सोलत होती.

"अरे, त्या माणसाने आपल्या बागेचं कुंपण बांधून दिलं."

"तेच म्हणतोय मी. कशाला बांधून दिलं?"

आनेग्रेटने सुरी खाली ठेवली, त्याच्याकडे नीट पाहिलं आणि पुन्हा बटाट्याकडे वळली.

हेरनबेकविरुद्धच्या सामन्याआधी डेटलेफने सापळा लावला. फोल्कमारला एकट्याला गाठून त्याने सांगितलं, की या वेळी थीमो डावीकडे मारणार. मग गाड्या लावायच्या जागेत थीमोला अडवलं आणि उजवीकडे मारायला बजावलं, कोणाजवळ बोलू नकोस म्हणाला. आता हेरनबेकचा गोलकीपर डावीकडे झेपावला, की फोल्कमारचं पितळ उघडं पडणार होतं.

उत्तरार्धात पेनल्टी मिळाली. हेरनबेकच्या गोलात हानो होता. केस पिकले तरी खेळत राहिलेला, डेटलेफचा तरुणपणापासूनचा प्रतिस्पर्धी. थीमो धावला. हानो उजवीकडे झेपावला आणि चेंडू छातीशी धरून पडून राहिला. स्टँडमधून हताश सुस्कारा उठला. पण फोल्कमारला तर डेटलेफने डावीकडे सांगितलं होतं.

सामना संपल्यावर त्याने हानोला बोळात गाठलं आणि कोणी सांगितलं ते विचारलं.

"तूच," हानो म्हणाला.

"थट्टा नकोय मला."

"थट्टा कसली? तुमचा पोरगा धावायला लागला, की तू कडेला उभा राहून गुडघे वाकवतोस. जिकडे चेंडू जाणार असतो, तो खांदा खाली घेतोस. आम्ही सगळेच गोलकीपर चेंडू सोडून तुझ्याकडे बघतो, डेटलेफ. मला वाटलं, तुला माहीत असेल."

डेटलेफने ते साफ खोटं ठरवलं. सोमवारी त्याने एकट्याने बसून सामन्यांच्या चित्रफिती लावल्या. चित्राच्या कोपऱ्यात, जाड कोट घातलेला एक म्हातारा होत चाललेला माणूस प्रत्येक पेनल्टीला झेपेच्या तयारीत खांदा पाडत होता. त्याने फीत मागे नेऊन पुन्हा पाहिली. मग बंद केली.

फोल्कमार सामानाच्या खोलीत चेंडू मोजून जाळीत भरत होता. डेटलेफ दारातच थांबला आणि म्हणाला, की चूक माझी झाली.

"सामन्याआधी मी थीमोला म्हणालो, 'डावीकडे, लक्षात आहे ना?'" फोल्कमार म्हणाला. त्याचे हात थांबले नव्हते. "बिचारा कानापर्यंत लाल झाला. तेव्हाच समजलो मी."

"मग बोलला का नाहीस?"

"इतकी वर्षं बोललो नाही, म्हणूनच तर संशय घेतलात ना?" फोल्कमारने जाळीची दोरी ओढून गाठ मारली. "शनिवारचा संघ वेळेवर कळवा, नोवोट्कासाहेब. बाकीचं तुम्ही म्हणाल तसं करतो."

एकमेकांना अरे-तुरे करत दोघांची उमर गेली होती. डेटलेफला वाटलं, राग ओसरला की फोल्कमार आपोआप 'तू'वर येईल. तो वाट पाहत राहिला.

पुढची पेनल्टी मिळाली तेव्हा डेटलेफ मैदानाकडे पाठ करून स्टँडकडे तोंड करून उभा राहिला. लोक आधी हसले आणि मग एकदम उसळले, त्यावरून त्याला गोल झाल्याचं कळलं. तो वळला. फोल्कमार संघाच्या डॉक्टरला मिठी मारून नाचत होता. डेटलेफ त्याच्याजवळ गेला, तशी त्याने मिठी सोडली, कोट सारखा केला आणि अदबीने हात पुढे केला.

"अभिनंदन तुमचं," तो म्हणाला.