माझ्या सिंहांना घासू नका

"घासताना तुला दुखतं का रे?"

परवा शाळेच्या लायब्ररीत कौमुदीनं मला हे विचारलं, तेही अगदी मोठ्यानं! तिच्या मैत्रिणी चारुता आणि मिताली यांनी तिला डिवचलं होतं, "डेअर आहे! नाण्याशी बोलून दाखव." दोघी पोट धरून हसल्या. मित्रांनो, मला मात्र हसू आलं नाही. हो, दुखतं. फार दुखतं.

मी चांदीचं एक जुनं नाणं, तीन मार्कांचं. जर्मनीत बादशहाचं राज्य होतं, तेव्हा हॅम्बुर्ग शहरात माझा जन्म झाला. धाडकन ठसा पडला आणि माझ्या एका अंगावर गरुड उमटला, दुसऱ्या अंगावर किल्ला आणि त्याला धरून उभे दोन सिंह. काय ऐट होती माझी! मला देऊन लोकांनी बूट घेतले, सर्कशी पाहिल्या. मग एका खलाशाच्या खिशातून मी मेलबर्नला आलो. इथं दुकानदार म्हणाला, "सॉरी मेट, हे चालत नाही." झालं! बटणांच्या डब्यात मी वर्षानुवर्षं काळा पडत राहिलो.

कौमुदीनं मला रविवारच्या बाजारात उचललं. दोन बोटांनी, अलगद, कडेला धरून! "हा काळेपणा म्हणजे मळ नाही, हे त्याचं वय आहे," असं ती सगळ्यांना सांगायची. मेलबर्नच्या ग्लेन वेव्हर्ली उपनगरातल्या घरी तिच्या अल्बममध्ये आणखी चार जर्मन भावंडं माझ्या शेजारी राहायला आली.

गेल्या दिवाळीत कौमुदी कॅम्पला गेली होती. तिला सरप्राइज म्हणून आईनं आम्हाला लक्ष्मीपूजनाच्या ताटासाठी बाहेर काढलं. टूथपेस्ट लावली, जुना ब्रश घेतला आणि खसाखसा घासलं. किती प्रेमानं! भावंडं लखलखली, पण अंगभर ओरखडे. त्यांच्यावरच्या बादशहाच्या मिशासुद्धा पुसट झाल्या. आता कुठलाही संग्राहक त्यांच्याकडे ढुंकून बघत नाही. माझ्या एका सिंहाच्या आयाळीवर ब्रश फिरला, तेवढ्यात कौमुदी घरी आली आणि तिनं मला हिसकावलं. ती खूप रडली.

आज पुन्हा लक्ष्मीपूजन. मी पुन्हा वाटीत. ब्रशवर पेस्टसुद्धा लागली आहे. माझा दुसरा सिंह आता जाणार!

"आई, थांब! प्लीज!" कौमुदी दप्तरासकट स्वयंपाकघरात धावत आली.

"अगं, देवापुढे काळी चांदी ठेवतात का कुणी? संध्याकाळी सगळे येणार. काय म्हणतील?"

"थोडं चमकलं तर बिघडलं कुठं?" बाबा म्हणाले. "नव्यासारखं होईल की!"

"नव्यासारखंच नकोय ना, बाबा!"

मित्रांनो, मी जिवाच्या आकांतानं ओरडतोय, पण नाण्याला आवाज कुठला? म्हणून तुम्हालाच विनवतो. तुमच्या घरात एखादी काळवंडलेली जुनी वस्तू असेल, तर ब्रश हातात घेण्याआधी एकदा थांबा. गेलेली चमक आणता येते, गेलेला चेहरा नाही.

कौमुदीनं खाली बसून पायांतले चांदीचे पैंजण काढले आणि वाटीत टाकले. मला उचलून मुठीत धरलं.

"आई, बाबा, मी ठरवलंय. हे पैंजण घासा, हवे तेवढे घासा. हे नाणं आज लक्ष्मीसमोर बसेल, पण काळंच. ते चालणार नसेल, तर मीही पूजेला बसणार नाही."