मशीनमध्ये दोष नाही

“मेस्त्री, इंजिन वर ऱ्हात नाय. बटन दाबला का चढतंय बरोबर, नि चा पिऊन येईपर्यंत परत खाली,” भिकाजी म्हणाला आणि माझ्या शेडच्या दारातच उभा राहिला. ‘ये’ म्हटल्याशिवाय हल्ली तो कोणाच्या दारातून आत जात नाही.

“ये की आत.”

“नको. बोट वालूवर हाय, तुमीच चला. दुपारच्या भरतीला मढचा मानूस बगायला येनार. पसंत पडली तं घेऊन जाईल.”

“विकतोस?”

“ठेवून काय करू, मेस्त्री?”

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर होतं. चौदा महिने होतं. मी हत्यारांची पेटी उचलली, तर त्याने ती माझ्या हातातून घेतली. म्हणाला, तुमची कंबर दुखते ना, द्या. मी देऊन टाकली आणि त्याच्या मागून मुकाट चालू लागलो.

माझं नाव गुणाजी. मूळचा देवगडकडचा. वर्सोव्याच्या कोळीवाड्यात अडतीस वर्षं इंजिनं दुरुस्त करतो. जातीचा कोळी नाही, पोहता धड येत नाही, तरी इथल्या लोकांनी मला कधी परका मानलं नाही. लग्नात पाट मांडतात, नारळी पुनवेला घरी बोलावतात. ‘मेस्त्रीने हात लावलाय ना, मग बघायला नको,’ असं धक्क्यावर कोणी म्हणालं की मी ऐकलंच नाही असं दाखवतो आणि दिवसभर खुशीत असतो. माणसाला एवढं सुख पुरतं. ते जाऊ नये म्हणून माणूस काय काय करतो, ते मात्र मला उशिरा कळलं.

भिकाजीची बोट लहान, फायबरची. तिला मागे साठ हॉर्सपॉवरचं जुनं आउटबोर्ड इंजिन. पाण्यावरचे खेळ चालवणाऱ्या कुणाकडून त्याने ते सेकंडहँड घेतलं होतं. आमच्याकडची साधी इंजिनं हाताने उचलायची. याला मात्र बटण होतं. बटण दाबलं की तेलाच्या जोरावर एक जॅक सरकतो आणि अख्खं इंजिन पाण्यातून वर येतं. उथळ पाण्यात, वाळूत हे फार उपयोगाचं. तो त्याला कौतुकाने ‘नवाबसाहेब’ म्हणायचा. आता नुसतं ‘इंजिन’ म्हणतो.

मी बटण दाबलं. इंजिन कुरकुरत वर चढलं. आम्ही दोघं बघत उभे राहिलो. दोनेक मिनिटांत ते वाकायला लागलं, जेवल्यावर पेंगणाऱ्या म्हाताऱ्यासारखं. जॅकच्या दांड्याभोवती तेलाचा ओला गोल दिसत होता. तेल बोटावर घेतलं तर दुधाळ. म्हणजे खारं पाणी आत शिरलं होतं.

“सील गेलंय,” मी म्हणालो. “जॅक खोलावा लागेल. रबरी ओ-रिंगा आहेत माझ्याकडे. दुपारपर्यंत होईल.”

“मना काय करायचा ते सांगा.”

“तू बस रे.”

“बसूनच हाय चौदा महिने,” तो म्हणाला.

बोलण्यात टोमणा नव्हता. भिकाजीला टोमणे मारता येत नाहीत, हेच तर माझं दुखणं आहे. मी इंजिन वर घेतलं, त्याचा अडकवायचा खटका लावला, वरून दोर बांधला आणि खाली लाकडाचा ठोकळा दिला. अशा कामात इंजिन अंगावर आलं तर माणसाचं काही उरत नाही. या बाबतीत मी फार काळजी घेतो. फक्त एकदा घेतली नव्हती.

चौदा महिन्यांपूर्वी त्या दिवशी भिकाजीच्या बोटीच्या पंख्यात जाळ्याचा नायलॉन गुंडाळला होता. बॅटरी उतरलेली, बटण चालेना. अशा वेळेसाठी कंपनीने बाजूला एक स्क्रू दिलेला असतो, ब्रॅकेटच्या भोकातून आत दिसतो. तो सैल केला की तेलाची पकड सुटते आणि इंजिन हाताने उचलता येतं. मी सैल केला, इंजिन उचललं, नायलॉन कापून काढला, इंजिन खाली सोडलं. एवढ्यात चहा आला. चहा पिता पिता मी कोणाला तरी कार्ब्युरेटरवर व्याख्यान दिलं, स्क्रूड्रायव्हर खिशात घातला आणि घरी गेलो. बस, एवढंच. अडतीस वर्षांच्या धंद्यात मी एक ग्लास चहा प्यालो.

तो स्क्रू सैल असला तरी पुढे जाताना काही कळत नाही. पंखा पाणी मागे ढकलतो, इंजिन बोटीला दाबून बसतं. कळतं ते रिव्हर्स टाकल्यावर. तेव्हा पंखाच इंजिनाला वर उचलतो, ते पाण्याबाहेर येतं आणि नुसतं हवेत फिरतं. बोट थांबत नाही.

दुसऱ्या दिवशी भिकाजी मासळी घेऊन धक्क्याला आला. नेहमीसारखा रिव्हर्स टाकला. बोट थांबली नाही. पायरीवर सोनूबाई होती. साठी उलटलेली, मासळी विकणारी बाई. आलेल्या प्रत्येक बोटीचा दोर तीच धरायची; कोणी सांगितलं नव्हतं, तिचा तो मानच होता. तिचा डावा हात बोट आणि दगडाच्या मध्ये सापडला. करंगळी आणि शेजारचं बोट गेलं.

भिकाजीने नऊ वर्षांपूर्वी एकवीरेसमोर दारू सोडली होती. पण धक्क्यावरच्या माणसांनी पहिलं तेच आठवलं. ‘प्यालेला असनार. पुढचा-मागचा कललाच नसनार.’ तो सांगत होता, मी रिव्हर्स टाकला, आईशप्पत टाकला. त्याची बायको मंजुळा धावत आली आणि सगळ्यांच्या देखत तिने त्याच्या तोंडाला नाक लावून वास घेतला. म्हणाली, वास नाय. लोक म्हणाले, बायकोच ती, दुसरं काय बोलणार. मग कोणीतरी म्हणालं, मेस्त्रीला बोलवा, मेस्त्री सांगेल खरं काय ते.

मी आलो. लोकांकडे पाठ करून इंजिनाशी वाकलो. भोकातून बोट घातलं आणि मला सगळं समजलं. खिशातला स्क्रूड्रायव्हर काढून मी तो स्क्रू घट्ट केला. अडीच आटे. हात पुसले, उठलो आणि म्हणालो, “मशीनमध्ये दोष नाही.”

आणि त्या क्षणी तो खरंच नव्हता. मी किती हुशार माणूस आहे बघा.

उद्या सांगू, असं मी तेव्हा ठरवलं होतं. पुढे परवा ठरवलं. मग सोनूबाई हॉस्पिटलमधून आली, मग पुनव आली, आणि मग ठरवायचंही बंद झालं. भिकाजीने बोट वाळूवर ओढली ती ओढलीच. दुसऱ्यांची जाळी सांधून पोट भरू लागला. मासळीबाजाराच्या वाटेने न जाता तो मागच्या गल्लीने घरी जायचा. एकदा माझ्याजवळ बसला असताना म्हणाला होता, “मेस्त्री, मनाच आता आठवत नाय. हाताने रिव्हर्स टाकला का फॉरवर्ड, काय म्हाईत. लोक बोलतात तं तसाच असल.” मी त्याला बिडी दिली होती.

आता तोच माझ्याशेजारी उकिडवा बसून पाने पुढे करत होता. मी जॅक काढला, टोपी उघडली, दांडा बाहेर घेतला. जुनी ओ-रिंग चपटी होऊन कडक झाली होती. भिकाजीने सगळे भाग डिझेलने धुतले, फडक्यावर ओळीने मांडले. मी नव्या रिंगा तेलात बुडवून बसवल्या, जॅक जागेवर चढवला. उन्हं चढली होती. तेल भरायला घेतलं तेव्हा पाणी वाळू चढून जवळ आलं होतं.

“आता वर-खाली करून हवा काढायची. त्याआधी हा बंद करावा लागतो,” मी म्हणालो आणि सवयीने त्या भोकात स्क्रूड्रायव्हर घातला.

“ह्यो कसला इस्क्रू?” भिकाजीने विचारलं. “मना वाटायचा, फकत तेल काढायचा हाय.”

मी काहीही सांगू शकलो असतो. हो, तेल काढायचाच, म्हटलं असतं तरी त्याने मान डोलावली असती. बोट मढला गेली असती आणि प्रश्न कायमचा मिटला असता. पण माझ्या तोंडातून अडतीस वर्षांचा मेस्त्री बोलून गेला. इंजिनाबद्दल मला कधी खोटं बोलता येत नाही, माणसांबद्दल येतं.

“हा सैल असला तर इंजिन हाताने उचलता येतं.”

“आनि घट करायचा ऱ्हायला तं?”

“पुढे जाताना काय नाय होत.” मी स्क्रूड्रायव्हर बाहेर काढला. “रिव्हर्सला इंजिन वर उडतं. बोट थांबत नाय.”

हातातला तेलाचा डबा त्याने हळूच खाली ठेवला. वाकून त्या भोकात बघितलं. मला वाटलं, आता ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं.

“त्या दिवशी?” त्याने विचारलं.

“सैल होता.”

“कोनी ठेवला?”

“मी. आदल्या दिवशी नायलॉन काढताना. बंद करायचा राहिला.”

“आनि बगायला आलास तवा?”

“तेव्हा बंद केला. मग बोललो.”

अडतीस वर्षांत तो पहिल्यांदा मला ‘आलास’ म्हणाला. त्याच्या ते लक्षातही आलं नसावं. तो स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत होता. त्याने हात पुढे केला, गिअरचा दांडा धरावा तशी मूठ वळली आणि मागे ओढली. पुन्हा एकदा ओढली.

“मंजी मी रिव्हर्सच टाकलेला.”

“हो.”

“परत बोल.”

“तू रिव्हर्सच टाकलेला, भिकाजी. तुझं काही चुकलं नव्हतं.”

तो रडला. आवाज न करता, गुडघ्यात तोंड घालून. मला त्याच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला, पण तो हात कुठल्या तोंडाने ठेवणार? मी इंजिनाकडे बघत बसलो. मला इतकी लाज वाटत होती की तिच्यात स्वतःबद्दलची थोडी कीवही मिसळली होती. त्या किवेची तर जास्तच लाज वाटली.

काही वेळाने तो उठला. समुद्राच्या पाण्याने तोंड धुतलं.

“मंजुलाने लोकांसमोर माझा तोंड हुंगला,” तो म्हणाला. “ठाव हाय ना तुना?”

“मी तिथंच होतो.”

“व्हय. तू तिथंच व्हतास.” त्याने हात पुढे केला. “दे तो पान्हा.”

पाना नव्हता, स्क्रूड्रायव्हर होता. मी दिला. त्याने ब्रॅकेटच्या भोकात घालून स्क्रू घट्ट आवळला, पुन्हा आवळला आणि स्क्रूड्रायव्हर स्वतःच्या खिशात ठेवला. आम्ही इंजिन सहा-सात वेळा वर-खाली केलं, तेल पुन्हा भरलं. खटका काढला, ठोकळा काढला. इंजिन वर घेऊन आम्ही वाट बघितली. चहा पिऊन येण्याइतका वेळ. ते तसूभरही हललं नाही.

“सोनूबाय पायरीवर असल आता,” भिकाजी म्हणाला. “तिथं चल. मना जे बोललास ते तिथं बोल.”

मी गेलो. धक्क्यावर सोनूबाई पाटी उलटी करून बसली होती, शेजारी आणखी चार-पाच बायका, थोडी माणसं. भिकाजीला समोरून येताना बघून त्या बोलायच्या थांबल्या. मी सोनूबाईसमोर उभा राहिलो आणि सांगितलं. चहाचं सांगितलं, अडीच आट्यांचं सांगितलं, मी काय म्हणालो तेही सांगितलं. मध्ये अडखळलो, तेव्हा पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, कारण अर्धवट ऐकलेलं नको होतं.

सोनूबाईने तीन बोटांचा हात पदरात घेतला. माझ्याकडे बघितलं नाही.

“चवदा म्हयने मी सकाल-संध्याकाल ह्याला शिव्या घातल्या,” ती म्हणाली. “ह्याच्या बायकोला घातल्या. त्या मी आता मागारी कशा घेऊ?”

मला तरी निदान एक शिवी मिळेल असं वाटत होतं. तीही मिळाली नाही.

“भिकाजी,” ती म्हणाली, “बोट आन इकडं.”

“मढचा मानूस यील गो आता.”

“यील तं जाईल. तू बोट आन.”

दुरुस्तीनंतरच्या पहिल्या फेरीला मेस्त्री बोटीत असतो, अशी इथली रीत आहे. इंजिनाचा आवाज त्याने ऐकायचा असतो. त्या दिवशी मला कोणी ‘चला’ म्हणालं नाही आणि मीही पाय उचलला नाही. भिकाजी एकटाच गेला. बोट ढकलून पाण्यात घातली, इंजिन खाली सोडलं, सुरू केलं. खाडीच्या तोंडापर्यंत गेला, वळला आणि सरळ पायऱ्यांकडे यायला लागला. जरा वेगातच. एक बाई उठून मागे सरली. सोनूबाई जागची हलली नाही. उलट एक पायरी खाली उतरली.

रिव्हर्स पडल्याचा खटका मला इथवर ऐकू आला. मागचं पाणी उसळलं, इंजिन जागचं उठलं नाही आणि बोट दगडापासून वीतभर अंतरावर येऊन उभी राहिली. भिकाजीने दोर उचलला. क्षणभर तो घुटमळला. सोनूबाईने पदरातला डावा हात बाहेर काढून पुढे केला आणि त्याने टाकलेला दोर त्या तीन बोटांनी झेलला.

मी तिच्या मागे दोन पायऱ्या वर उभा होतो. दोर धरायला मलाही हात होते, दहा बोटांचे, धडधाकट. मी ते बराच वेळ फडक्याला पुसत राहिलो.