मागची यादी

निवृत्ती कारकुनाला आपल्या मराठीचा भारी अभिमान. नवं राज्य झालं, कारभार मराठीतून सुरू झाला आणि तालुक्याच्या कचेरीत याच्यावाचून पान हलेना. घरासाठी जागा द्यायच्या याद्या दुरुस्त होऊन पुन्हा पुन्हा निघत. गोंधळ नको म्हणून त्यानं सगळ्या ग्रामसेवकांना लिहून पाठवलं, ‘दुरुस्त यादी मिळताच मागची यादी फाडून टाकावी.’ साहेब वा म्हणाले. निवृत्ती दोन दिवस हवेत होता.

जानेफळच्या पलीकडे एका खेड्यात इंद्रभान नावाच्या ग्रामसेवकानं हा हुकूम तंतोतंत पाळला. पहिल्या यादीत वच्छलाबाईंचं नाव राहून गेलं होतं. दुसरीत भगवंतरावांचं नाव कमी करून वच्छलाबाईंचं घातलं होतं, कारण भगवंतरावांना स्वतःचं चांगलं ऐसपैस दुघई घर होतं. इंद्रभाननं दुसरी यादी फाडली आणि पहिलीवरून जागा वाटून टाकल्या. नवरा गेल्यापासून भावाच्या ओसरीत दिवस काढणाऱ्या वच्छलाबाई तिथंच राहिल्या.

चौकशीला निवृत्तीच गेला, इंद्रभानला फैलावर घ्यायचं ठरवूनच.

“अहो, मागची फाडायची होती!”

“मांगचीच फाडली ना जी,” इंद्रभान म्हणाला. “पह्यली आंधी आली, हे तिच्या मांगून आली.”

निवृत्तीनं आपलाच हुकूम मनात पुन्हा वाचला. मांगून म्हणजे नंतर, हे त्याला का ठाऊक नव्हतं? त्याची आईच रोज म्हणायची, “तू जेव, मी मांगून जेवीन.” कचेरीत बसून तो ते साफ विसरला होता. त्याला स्वतःची लाज वाटली.

अहवालात त्यानं आढेवेढे घेतले नाहीत. चूक इंद्रभानची नाही, शब्दाची आहे. शब्द माझा आहे. जागा वच्छलाबाईंना मिळावी. पुढची बढती आता विसरायची, हे त्यानं सही करतानाच ओळखलं.

महिन्यानं वरून उत्तर आलं. ते घेऊन तो वच्छलाबाईंच्या भावाच्या ओसरीत गेला आणि वाचू लागला. ‘खुलासा मान्य. यापुढे मागची याऐवजी जुनी असे लिहावे. झालेल्या वाटपात फेरबदल करता येणार नाही.’

वच्छलाबाईंनी पदर सावरला. “म्हंजे काय झालं, भाऊ?”

“शब्द बदलला.”

“अन् माही जागा?”

निवृत्तीनं शेवटची ओळ पुन्हा वाचून दाखवली.

“म्हंजे शब्दाले जागा भेटली,” त्या म्हणाल्या, “मले नाही.”