मंगळीचं पान

भात झोडून कणगीत पडलं की मनोरच्या वरच्या अंगाचा तो पाडा अर्धा रिकामा व्हायचा. माणसं वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जायची ती पार पावसाच्या तोंडावर परतायची. निघायच्या आदल्या दिवशी सुकाच्या अंगणात सगळ्यांचं एकत्र जेवण असे. नव्या तांदळाचा भात, उडदाची डाळ, बाजारात काशीबाई मांगेलणीकडून घेतलेले सुके बोंबील, आणि कुणाच्या मनात आलं तर कोंबडा. हे जेवण सुरू केलं होतं सुकाची बायको नवसी आणि तिची मैत्रीण मंगळी या दोघींनी. एकाच गावात शेरडं राखत वाढलेल्या आणि लग्न होऊनही एकाच पाड्यात आलेल्या दोघी.

यंदा मात्र सुकाची म्हातारी आई, बायडी, सकाळीच नवसीला म्हणाली, "या साली नको मांडू गे जेवान. कोनाच्या घशाखाली उतरंल?"

मागच्या हंगामात मंगळी पोटुशी होती म्हणून घरी राहिली होती. तिचा नवरा जिवल्या एकटाच सुका-नवसीच्या संगतीनं भट्टीवर गेला. तिथं त्याला ताप भरला. घरी जातो म्हणाला, तर मुकादम म्हणाला, ही भट्टी लागू दे, पेटली की मग जा. भट्टी लागायच्या आतच जिवल्या गेला. एवढ्या लांबून मढं आणणार कसं? खाडीच्या काठावरच त्याला जाळलं. नवसीनं त्याची घोंगडी तेवढी आणून मंगळीच्या हातात दिली. मंगळीनं ती घेतली आणि दार लावून घेतलं.

त्यानंतर पावसाळाभर मंगळी नवसीच्या शेतात लावणीला आली, कापणीला आली, पण दुपारची भाकर बांधाच्या पलीकडे एकटीच बसून खाल्ली. नवसीला वाटे, हिच्या मनात राग आहे. आपल्या भरवशावर माणूस धाडला आणि आपण नुसती घोंगडी घेऊन आलो.

तरीही ती बोलवायला गेली. मंगळी उखळात भात कांडत होती. पाठीशी बांधलेली पोर झोपली होती.

"उद्या निघतो गे आमी. आज जेवाय ये."

"माजी वाट नको बगू," मंगळी म्हणाली. मुसळ चालूच होतं.

"राग हाय तर बोल. शिव्या दे. पन अशी मुकी नको राहू."

मुसळ थांबलं. "राग? तुज्यावर कसला राग?" मंगळी उखळाकडेच बघत होती. "मागल्या साली मी पोटभर जेवली. हसली. त्याच्या पानात बोंबील जास्ती वाढला आन म्हटलं, जा आता, पोर व्हायच्या टायमाला ये. तो गेला तो गेलाच. आता तुमच्या संगती जेवली, तर तुमाला पन मीच धाडल्यासारकं व्हईल. मला भ्या वाटतं नवसी."

नवसीनं कोपऱ्यातलं दुसरं मुसळ उचललं. उरलेलं भात दोघींनी आळीपाळीनं घाव घालत कांडलं, आणि नवसी घरी आली.

ऊन कलल्यावर अंगणात पळसाची पानं मांडली. शेजारच्या दोन घरची माणसं आली. नवसीनं आपल्या शेजारी एक पान जास्तीचं मांडलं. बायडीनं पाहिलं आणि ते आपल्या हातानं नीट केलं.

भात वाढून झाला तेव्हा मंगळी कारवीच्या कुडापाशी येऊन उभी राहिली. पदराखाली उकडलेल्या करांद्याच्या कंदांची टोपली होती. टोपली तिनं खाली ठेवली, पण बसली नाही.

"त्यानं शेवटाला काय खाल्लं?" तिनं विचारलं.

सगळ्यांचे हात थांबले. सुकानं मान खाली घातली. इतक्या महिन्यांत हे तिनं विचारलं नव्हतं आणि कुणी आपणहून सांगितलंही नव्हतं.

"पेज," नवसी म्हणाली. "मीच पाजली. अर्धीच प्यायला. म्हटला, या पेजंला आपल्या तांदळाचा वास नाय. मंग इचारलं, मंगळीला पोर झाली का पोऱ्या? मला ठाव नवतं. मी म्हटलं, पोर झाली. तो म्हटला, बरं झालं."

मंगळीनं पाठीवरची पोर सोडून मांडीवर घेतली आणि रिकाम्या पानापुढे बसली.

मग तिनं सुकाकडे पाहिलं. "सुका, नवसीला ताप आला तर काय करशील?"

"मुकादमाला इचारून—"

"मुकादमाला इचारायचं नाय. उठायचं आन घरला यायचं. तुला आला तरी, हिला आला तरी. बोल."

अर्ध्यावर काम टाकलं तर तो मुकादम पुढच्या साली दारात उभं करणार नाही, हे सुकाला पक्कं ठाऊक होतं. हातातला घास त्यानं परत पानात ठेवला.

"येऊ," तो म्हणाला.

"मंग वाढ," मंगळी नवसीला म्हणाली. ती चारच घास जेवली, पण जेवली.

माघात नवसी खरंच तापानं पडली. मुकादमानं तेच सांगितलं, ही भट्टी लागू दे. सुकानं गाठोडं बांधलं, नवसीला पाठीवर घेतलं आणि सडक गाठली. मनोरपर्यंत एका गवताच्या ट्रकवाल्यानं आणलं, पुढे बैलगाडी मिळाली. मंगळी विहिरीवर होती. गाडीत नवसीला निजलेली पाहताच तिनं हंडा तिथंच टाकला आणि धावत सुटली.

पुढचे कितीतरी दिवस नवसीची शुद्ध येत-जात होती. बायडी पाय चोळायची, मंगळी डोक्यावर ओलं फडकं धरून बसायची. एका सकाळी नवसी आपण होऊन उठून बसली आणि भूक लागली म्हणाली. मंगळीनं तिला भात भरवला, पान उचलून टाकलं, आणि ती घरामागच्या मोहाच्या झाडाखाली गेली. तिथून तिचा रडण्याचा आवाज ऐकू आला. जिवल्याचं नाव घेऊन ती पहिल्यांदाच रडत होती. सुका उठायला लागला, तर बायडीनं त्याचा हात धरला.

"बस तू. रडू दे तिला."

त्या मुकादमानं पुढे कधी त्यांना कामावर घेतलं नाही. दुसऱ्या साली पाड्यातली काही माणसं तारापूरला विजेच्या कारखान्याच्या बांधकामावर गेली, आणि सुका, नवसी अन् मंगळी तिघं पालघरच्या बाजूला गवत कापायला गेली. मजुरी थोडी मिळायची, पण चालत दिवसभरात घर गाठता यायचं.